धावणारे उंदीर आणि ब्राऊन शुगर

पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले, की उंदीर आपणहून त्यावर धावू लागतो. अमेरिकेतील प्रयोगांत अशा धावणाऱ्या उंदरांनी, कळ दाबताच हेरॉइन मिळत असूनही, चाक नसलेल्या उंदरांपेक्षा ते कमी घेतले. याचे एक कारण एंडॉर्फिन असावे. धावताना शरीरातच तयार होणारे हे रसायन मेंदूत अफूसारखेच काम करते.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही उपचारांना योगासनांची जोड आहे. भिलाईच्या सेक्टरांत मैदानांची वाण नाही; मुलांना तिकडे जरूर पाठवा. मात्र जडलेले व्यसन नुसत्या धावण्याने सुटत नाही. तिथे डॉक्टर हवा आणि घरच्यांची साथही!