पेशी दुभंगण्याआधीचे तास : १९४३ ते २००१

पावसाळा सरत आला की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरांत सीताफळे येऊ लागतात. त्या झाडाच्या साध्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात. याच फळाच्या कुळाचे पेशीजनुकशास्त्र हा विषय घेऊन पुण्याच्या कमल रणदिवे १९४३ मध्ये एम.एस्सी. झाल्या. पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र रुजवले. हे तंत्र त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे शिकल्या होत्या. २००१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी पेशीचक्रावरच्या संशोधनाला नोबेल मिळाले. या दोन सालांमधल्या संशोधनाचा मागोवा घेतला, तर एक निष्कर्ष ठामपणे निघतो : पेशीचे भवितव्य ती दुभंगताना जेवढे ठरते, त्याहून अधिक ते त्याआधी, डीएनएची नक्कल होताना ठरते.

१९४३ मध्ये असे म्हणायला आधार नव्हता. मुळाचे कोवळे टोक रंगवून, काचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की गुणसूत्रे दिसत ती फक्त दुभंगणाऱ्या पेशींत. बाकीच्या पेशींत केंद्रक म्हणजे नुसता धूसर गोळा. म्हणून उरलेला काळ पेशीच्या विश्रांतीचा समजला जाई. आनुवंशिक गुण डीएनए वाहून नेतो, हा एव्हरी यांचा पुरावाही १९४४ चा. मग १९५३ मध्ये हॉवर्ड आणि पेल्क यांनी बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन दाखवले, की नवा डीएनए याच ‘विश्रांती’च्या काळात, ठरावीक तासांत तयार होतो. प्रयोगशाळेत वाढणारी माणसाची पेशी साधारण २४ तासांत एक चक्र पुरे करते. त्यातले सुमारे ८ तास नक्कल करण्यात जातात आणि प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो.

विद्यार्थी अडखळतो तो इथेच. नक्कल झाल्यावर डीएनए दुप्पट होतो, पण गुणसूत्रे ४६ ची ९२ होत नाहीत. प्रत्येक गुणसूत्र आता दोन हुबेहूब अर्धगुणसूत्रांचे असते आणि ती दोन्ही एकमेकांना बांधलेली असतात. विभाजनात ही बांधणी सुटते, तुर्कतंतू एकेक अर्धगुणसूत्र एकेका टोकाला ओढतात आणि दोन्ही नव्या पेशींना ४६-४६ चा वाटा मिळतो. म्हणजे विभाजनात होते ती वाटणी. ज्याची वाटणी व्हायची, ते आधीच तयार झालेले असते. २००१ च्या त्या नोबेलचे एक मानकरी हार्टवेल यांनी यीस्टमध्ये हेही दाखवले, की डीएनएला इजा झाली असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत पेशी पुढचे पाऊल टाकत नाही. ही तपासणी बिघडली की चुका साठत जातात आणि कर्करोगाची वाट मोकळी होते.

यावर आक्षेप येईल, की डाऊन सिंड्रोमसारखे दोष तर गुणसूत्रे विलग होताना घडतात. शिवाय सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचे औषध विभाजनच रोखते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनांची कडी नक्कल होतानाच पक्की बसते. स्त्रीच्या बीजपेशींत हे काम तिच्या जन्माआधीच उरकलेले असते. ही कडी वर्षानुवर्षे झिजत जाते आणि वाढत्या वयात असा दोष वाढण्याचे ते एक महत्त्वाचे कारण मानले जाते. चूक विभाजनात उघड होते, तिचे मूळ मात्र बरेच मागे असते. औषधांचे म्हणाल, तर मेथोट्रेक्झेट नेमके डीएनएच्या नकलेवरच घाव घालते. विभाजन गौण आहे, असा दावा इथे नाही. ते एकटेच मुख्य आहे, ही समजूत मात्र या संशोधनापुढे टिकत नाही.

तरीही आपल्या वर्गांत पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था यांच्या चार आकृत्या घोटून घेतल्या जातात आणि त्याआधीचे तास दोन ओळींत उरकले जातात. सोलापुरातल्या विज्ञानशिक्षकांना विनंती, की कांद्याच्या मुळाची काच दाखवताना दुभंगणाऱ्या पेशीकडे बोट दाखवाच. पण शेजारच्या, काहीच न करणाऱ्या वाटणाऱ्या पेशींपुढेही मुलांना थांबवा आणि आत काय चालले असेल, ते विचारा.