किल्ली, कप्पा आणि मजुरी

माझ्यासारख्या युनियनच्या माणसाच्या तोंडी संगणकाचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. माझे शिक्षण कॉलेजात नव्हे, कचेरीत वर्गणीच्या वह्या लिहिता लिहिता झाले. परंतु हा विषय मला त्या वह्यांनीच समजावून दिला.

वहीत डावीकडे सभासदाचे नाव व उजवीकडे भरलेली वर्गणी असे. आपल्या कळवण तालुक्यात एकाच पाड्यावर एका नावाचे, एका आडनावाचे दोघेतिघे निघतात. मग एकाची वर्गणी दुसऱ्याच्या नावावर चढे आणि भांडण माझ्या दारी येई. शेवटी प्रत्येकाला नंबर दिला. संगणकवाले ज्याला ‘मॅप’ म्हणतात तो हाच प्रकार होय : एका बाजूला किल्ली, दुसऱ्या बाजूला तिचे मूल्य. वर्गणी दोघांची सारखी असली तर बिघडत नाही. नंबर मात्र ज्याचा त्याचा वेगळाच हवा.

वहीत नंबर शोधताना मी पाने उलटतो. यंत्र तसे करीत नाही. ते किल्लीवरच एक छोटा हिशेब करते आणि उत्तर येईल त्या कप्प्यात थेट हात घालते. समजा, शंभर कप्पे आहेत आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे हाच कप्प्याचा क्रमांक. एका कप्प्यात दोन नंबर आले, तर तेवढेच दोन ताडून पाहायचे. नोंदी वाढल्या की कप्पे वाढवायचे. आय. बी. एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली ही युक्ती मांडली.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, तिकडे वळतो. आधारचा पहिला नंबर २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. पुढे १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधारच्याच मार्गाने देण्याची सक्ती झाली. या मार्गात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक प्रचंड मॅप आहे. त्याची किल्ली आधार नंबर, आणि मूल्य काय, तर बँक. खाते क्रमांक त्यात नसतो. तो त्या बँकेने आपल्या दफ्तरातून काढायचा. आणि एका किल्लीला मूल्य एकच! नवी बँक लिहिली की जुनी पुसली जाते.

एक मजूर बाई माझ्याकडे आली. खड्डे खणले, हजेरी लागली, पण पासबुकात पैसा नाही. चार खेपा घालून झाल्या होत्या, भाड्यात मजुरीचा एक दिवस गेला तो वेगळाच. विचारता विचारता कळले, की मध्यंतरी बचत गटाच्या कर्जासाठी तिने दुसऱ्या एका बँकेत खाते काढले होते व तेथे अंगठा दिला होता. त्या अंगठ्याने मॅपमधले मूल्य बदलले. यंत्र चुकले नव्हते. त्याला सांगितले तेच त्याने केले. हे बदलेल, असे बाईला सांगायला मात्र टेबलापलीकडच्या माणसाला सवड झाली नाही, आणि माझा राग आहे तो त्यावर.

आधारच्या संकेतस्थळावर आपली जोडलेली बँक पाहता येते. आम्ही ती पाहिली, नव्या बँकेत गेलो. सगळी मजुरी तेथे पडून होती.