टाके सुकले, पण हात चालेना? पुनर्वसन तज्ज्ञ असा शोधा

प्रेस शॉपमध्ये बोटे चिरडतात, चाकणच्या रस्त्यावर दुचाकी घसरते, घरातल्या कर्त्या माणसाला लकवा मारतो. ऑपरेशन होते, टाके सुकतात, घरी सोडतात. खरी अडचण पुढे सुरू होते. हात वळत नाही, पाय उचलत नाही. घरचे म्हणतात, ‘आता एवढेच.’ पण तसे नसते.

अशा वेळी पी.एम.आर. डॉक्टर, म्हणजे पुनर्वसन तज्ज्ञ, यांना दाखवावे. एम.बी.बी.एस.नंतर त्यांनी याच विषयात एम.डी. किंवा डी.एन.बी. केलेले असते. फिजिओथेरपिस्ट व्यायाम करून घेतात. पुनर्वसन तज्ज्ञ रुग्णाला तपासून औषध, इंजेक्शन, स्प्लिंट, कृत्रिम हात-पाय आणि व्यायाम यांची एकत्र आखणी करतात. लकव्यानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. ते दिवस नुसत्या मालिशीत घालवू नका.

कुठे जायचे? पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे वाय.सी.एम. रुग्णालय आणि डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे. केसपेपरच्या खिडकीवर विचारा, ‘पी.एम.आर.ची ओपीडी आहे का, कोणत्या वारी?’ नसेल तर हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडून फिजिओथेरपी विभागासाठी चिठ्ठी घ्या आणि तज्ज्ञ कुठे मिळतील तेही विचारा. मुंबईत हाजी अली येथे याच विषयाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. तिथे कृत्रिम अवयवही बनवतात.

पगाराच्या स्लिपवर ई.एस.आय. कापलेली दिसते का, ते पाहा. कंत्राटी कामगारालाही हा हक्क आहे. ई.एस.आय.चे रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये आहे. कामावर इजा झाली तर कंपनीच्या अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करायला लावा. नोंद नसेल तर पुढे हक्क सिद्ध करणे अवघड जाते. नोंद असेल तर काम बंद असलेल्या काळात मजुरीच्या सुमारे ९० टक्के भरपाई मिळते. कायमचे अपंगत्व राहिले तर मेडिकल बोर्डाच्या निर्णयानुसार दरमहा रक्कम मिळते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सुरू झाले. त्यातूनच १९४८ चा हा कायदा आला.

जाताना डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, चालू गोळ्या आणि आधार कार्ड न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: घरी कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, आणि कामावर कधी जाता येईल?