कोच गेला, मग मागे काय राहिलं?

आमच्या बोर्डीत चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. फळ येतं ते कलमाचं, पण झाडाला तगवतो तो खुंट. माझी पीएचडी खुंटांवरच आहे, त्यामुळे क्रिकेटचं वाचतानाही डोकं तिकडेच धावतं. परदेशात जाऊन शिकवणाऱ्या कोचचं ज्ञान म्हणजे एक कलमच. ते रुजलं की नाही, हे कोच परतल्यावरच कळतं.

संदीप पाटील घ्या. शिवाजी पार्कचा गडी, ८३ च्या विजेत्या संघातला. १९८२ मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी घरात ऐकलेली असते. त्यामानाने त्यांच्या केनियातल्या कामाबद्दल आपण फारच कमी बोलतो.

२००३ च्या वर्ल्ड कपला पाटील केनियाचे कोच होते. २४ फेब्रुवारीला नैरोबीत केनियाने २१० धावा केल्या आणि श्रीलंकेला १५७ मध्ये गुंडाळलं. लेगस्पिनर कॉलिन्स ओबुयाने २४ धावांत ५ बळी घेतले. न्यूझीलंडने सुरक्षेचं कारण देत नैरोबीला यायचं नाकारलं, ते गुण फुकट मिळाले, हे खरं. पण पुढे झिम्बाब्वेला ७ विकेटनी हरवलं ते खेळूनच. २० मार्चला डर्बनमध्ये सेमीफायनल, आणि समोर भारत! गांगुलीने नाबाद १११ केल्या, केनिया ९१ धावांनी हरला. कसोटी दर्जा नसलेला देश वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला पोचला, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आता त्या संघाची यादी बघा. पंधरा जणांत केनेडी ओटिएनो, कॉलिन्स ओबुया आणि डेव्हिड ओबुया हे तीन सख्खे भाऊ. शिवाय मार्टिन आणि टोनी हे सुजी बंधू. म्हणजे पंधरातले पाच खेळाडू दोन घरांतले. वाचायला गंमत वाटते, पण मला यात धोका दिसतो. खेळाडू इतक्या थोड्या घरांतून येत असतील, तर एक पिढी थकल्यावर पुढची आणायची कुठून?

झालंही तसंच. पाटील परतले. २००४ मध्ये मॉरिस ओडुम्बेवर बुकींशी संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली, त्याच वर्षी बोर्डाशी भांडून खेळाडू संपावर गेले. २०१४ मध्ये केनियाचा वनडे दर्जाही गेला. याचं खापर पाटलांवर फोडणं मला पटत नाही. कोच संघ घडवतो. शाळा, मैदानं, स्थानिक लीग हे त्याच्या हातात नसतं.

याच्या उलट उदाहरण फुटबॉलमधलं आहे, हंगेरीच्या डोरी कुर्शनर यांचं. बुडापेस्टच्या एमटीके क्लबचे खेळाडू, पुढे जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये कोच, आणि १९३७ मध्ये थेट रिओच्या फ्लेमेंगो क्लबात. त्यांनी डब्ल्यू-एम रचना आणली (खेळाडू मैदानावर या दोन अक्षरांच्या आकारात उभे राहतात). वर्षभरात त्यांना काढून टाकलं आणि फ्लाव्हियो कोस्टा कोच झाले. पण कोस्टांनी तीच रचना थोडी तिरकी करून वापरली. रिओत क्लबांची भरगच्च लीग होती, कल्पना एका क्लबातून दुसऱ्यात जात राहिली. १९५७ मध्ये आणखी एक हंगेरियन, बेला गुटमन, साओ पावलोला राज्याची लीग जिंकून देऊन गेले. १९५८ मध्ये ब्राझीलने पहिला वर्ल्ड कप जिंकला.

कुर्शनर तेव्हा हयात नव्हते. १९४१ मध्ये रिओतच ते वारले.