दुर्बिणीचा ‘झीरो’ (जुळवलेला नेम) का हलतो?

रायफलवरच्या दुर्बिणीने काल अचूक नेम साधला आणि आज गोळी दोन इंच डावीकडे गेली, की दोष सर्रास भिंगाला दिला जातो. बहुतेकदा तो स्क्रूचा असतो.

हिशेब बघा. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांत १०० मिलिमीटर अंतर असेल आणि एक कडं जेमतेम ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीइतकं सरकलं, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते! म्हणून आधी बेस, कडी आणि दस्त्याचे स्क्रू तेल पुसून टॉर्क पान्याने आवळावेत. फाजील जोर लावला तर दुर्बिणीची नळी चेपते. तरीही गोळ्या भटकल्या, तर खात्रीची दुसरी दुर्बीण बसवून पाहावी. नेम स्थिरावला, तर पहिलीच निकामी.

उन्हाचाही हात असतो. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत प्रणोदकं, म्हणजे गोळीला ढकलणारी दारू, बनतात. काडतुसातलं असं प्रणोदक तापलं, की गोळीचा वेग वाढतो. त्याच भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत मे महिन्यातल्या दुपारी जुळवलेला नेम लांबच्या पल्ल्यावर जानेवारीच्या पहाटे खाली लागू शकतो. त्यात बिचाऱ्या दुर्बिणीचा काय दोष?

आणि अचूक नेमाला दुर्बीण लागतेच असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, तेही दुर्बिणीविना. त्या स्पर्धेत रायफलवर दुर्बीण चालतच नाही.