दिवाळी तोंडावर आली की कामात मन कसं टिकवायचं?



दसरा झाला की आपल्या शाळेचं वातावरण बदलतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. मुलं किल्ल्यासाठी माती कुठून आणायची ते बोलतात. आपण शिक्षक एसटीचं रिझर्व्हेशन, घरची साफसफाई आणि पगार कधी होणार याविषयी बोलतो. हजेरीवर सही असते, पण मन गावाकडे निघून गेलेलं असतं.

यात गुन्हा काहीच नाही. सणाला माणसाला घर आठवणारच. पण आमच्या लिंबागणेश परिसरात, खरं तर सगळ्या बीड जिल्ह्यात, याच दिवसांत शाळेचं एक फार महत्त्वाचं काम येतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, गाडी ठरलेली असते आणि एका रात्रीत वस्ती रिकामी होते. त्याआधी घरोघर जाऊन यादी करायची, कोणतं मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहू शकेल ते बघायचं, जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं. म्हणजे आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं, त्याच आठवड्यात मुलांना आपली गरज सगळ्यात जास्त असते.

म्हणून आजचा विषय घेतला आहे: सणासुदीत काम करणाऱ्यांचा उत्साह कसा टिकवायचा? मुख्याध्यापकांना तो उपयोगी आहेच. ज्या पालकांचं दुकान आहे, शेतात सालगडी आहे किंवा घरी कामाला ताई येतात, त्यांनाही आहे.

आधी एक चूक सांगते

मी नोकरीला लागले त्या पहिल्या शाळेत, दुसऱ्या तालुक्यात, दिवाळीच्या दहा दिवस आधी सूचना निघाली की सगळ्यांच्या रजा बंद. कारण सांगितलं नाही, कोणाला विचारलंही नाही. झालं काय, तर सगळे हजर राहिले आणि काम कोणीच केलं नाही. स्थलांतराची यादी ऑफिसात बसून मागच्या वर्षीच्या यादीवरून उतरवली. त्यात माझीही सही होती.

सुट्टी संपून आलो तर माझ्या वर्गातली पाच मुलं नव्हती. आईबापासोबत फडावर गेली होती. हमी कार्ड एकाकडेही नव्हतं. त्यातला तिसरीतला एक मुलगा पाडव्याच्या सुमारास परत आला, तेव्हा त्याला जोडाक्षरं सोडा, काना-मात्राही वाचता येईना. दिवाळीआधी तो धडा वाचत होता. जबरदस्तीने माणसं थांबवता येतात, मन थांबवता येत नाही, हे मला त्या पोराने शिकवलं.

पोळ्याकडून काय शिकावं

आपल्या मराठवाड्यात काम करणाऱ्याचा सण म्हणजे पोळा. श्रावणी अमावस्येला तो येतो. पेरणी, कोळपणी उरकलेली असते आणि रब्बीची धांदल अजून लांब असते. त्यातल्या चार गोष्टी बघा.

पहिली, आमंत्रण आदल्या दिवशी देतात. बैलाला ‘उद्या जेवायला या’ म्हणून आवतन असतं. दुसरी, खांदेमळणी. वर्षभर जू ज्या खांद्यावर होतं, त्याच खांद्याला हळद आणि तूप-तेल लावून चोळतात. जिथे ओझं होतं, तिथेच हात फिरवायचा. तिसरी, त्या दिवशी बैलाला काम लावायचं नाही म्हणजे नाही. आणि चौथी, बैलाबरोबर सालगड्यालाही कपडे आणि पुरणपोळीचं जेवण असतं.

हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा एक सर हसून म्हणाले, “मॅडम, म्हणजे आम्ही बैल का?” मी म्हणाले, “नाही सर, बैलाला पगार मागता येत नाही. माणसाला मागता येतो, आणि तो वेळेवर द्यावा लागतो.” गंमत सोडली तरी मुद्दा खरा आहे. आधी सांगणं, ओझं ओळखणं, सुट्टी ती खरी सुट्टी आणि मान सगळ्यांना, या चार गोष्टी कोणत्याही कामाच्या ठिकाणी लागू पडतात.

सुट्टी आणि बोनस कुठून आले?

हा भाग सातवी-आठवीच्या मुलांनाही सांगता येईल. आज आपण रविवारची सुट्टी गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या किती साध्या होत्या बघा: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण यादी आजही तीच आहे. माणसाला विश्रांती हवी आणि पगाराची तारीख माहीत हवी.

बोनसची गोष्टही तशीच. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना चांगला नफा झाला आणि कामगारांना बोनस मिळू लागला. काही वर्षांनी मालकांनी तो बंद केला. १९२४ च्या सुरुवातीला त्यावरून मोठा संप झाला. सरकारने नेमलेल्या समितीने सांगितलं की बोनस हा कामगारांचा हक्क ठरत नाही. म्हणजे तेव्हा बोनस ही मालकाची मर्जी होती. पुढे १९६५ च्या बोनस कायद्याने तो हक्क झाला आणि त्यातला किमान दर नंतर वाढून ८.३३ टक्के झाला, जास्तीत जास्त २० टक्के. २०१९ च्या वेतन संहितेतही किमान दर तोच ठेवला आहे.

८.३३ हा आकडा आला कुठून? १०० ला १२ ने भागा. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे एक महिन्याचा पगार. महिना ७,००० रुपये धरले तर वर्षाचे ८४,००० आणि त्याचे ८.३३ टक्के म्हणजे ६,९९७ रुपये. शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण फळ्यावर घ्या, मुलं घरी जाऊन वडिलांना विचारतात.

आणि सणाच्या दिवशी काम करणारेही असतातच. आपण दिवाळीला गावी जातो ते एसटीचे चालक-वाहक त्या दिवशी ड्युटीवर असतात म्हणून. २०१७ मध्ये ऐन दिवाळीत एसटी कर्मचाऱ्यांनी सातव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी चार दिवस संप केला. प्रवाशांचे हाल झाले. पण यातून एक धडा घ्यायचा: वर्षभर साचलेली नाराजी सणालाच वर येते. म्हणून ‘सणाला उत्साह कसा वाढवायचा’ याचं निम्मं उत्तर उरलेल्या अकरा महिन्यांत असतं.

आम्ही शाळेत काय करतो

गेल्या काही वर्षांत आम्ही पुढच्या गोष्टी करून बघितल्या. खर्च जवळजवळ शून्य.

१. रजेचा तक्ता घटस्थापनेच्या आधी. कोण कधी जाणार ते एका कागदावर लिहून भिंतीला लावतो. लांबच्या गावचे आधी. मागच्या वर्षी जो लवकर गेला तो यंदा शेवटपर्यंत थांबतो. तक्ता सगळ्यांसमोर असला की कुजबुज होत नाही.

२. कामाची यादी छोटी. सत्र परीक्षेचे पेपर आणि नोंदी, स्थलांतराचं सर्वेक्षण, हमी कार्ड. बस. बाकी रजिस्टरं, सजावट, जास्तीच्या बैठका दिवाळीनंतर. दहा कामं सांगितली की एकही धड होत नाही.

३. काम आकड्याने नाही, नावाने वाटायचं. ‘वस्तीवर ४० घरं करा’ असं म्हटलं की कंटाळा येतो. ‘ही सहा मुलं तुमची’ असं म्हटलं की माणूस संध्याकाळी पुन्हा चक्कर मारतो. कारण मजूर दिवसा घरी भेटत नाहीत, हे आपल्याला माहीत आहेच.

४. कौतुक नेमकं करायचं. ‘छान काम केलंत’ हे कोणालाही म्हणता येतं. ‘तुम्ही रात्री आठ वाजता जाऊन आजीला समजावलं म्हणून ती दोघं भावंडं इथेच राहिली’ हे ऐकलं की थकवा उतरतो.

५. सगळ्यांचा सण दिवाळीच नसतो. दिवाळी न करणाऱ्या सहकाऱ्यावर सगळी कामं टाकायची सवय असते. ती मोडायला हवी. त्यांनी दिवाळीत एक दिवस सांभाळला तर रमजान ईदेला किंवा आंबेडकर जयंतीच्या तयारीला आपण त्यांचा वर्ग सांभाळायचा. आणि कोणाच्या घरी यंदा दुःख झालं असेल, तर त्याला हसायची सक्ती करू नये.

६. स्वयंपाकी ताईंना आधी वाढायचं. सुट्टी लागायच्या दिवशी पोषण आहार शिजवणाऱ्या ताई मुलांच्या पंगतीत बसतात आणि आम्ही वाढतो. पहिल्या वर्षी त्या बसायलाच तयार नव्हत्या. आता विचारतात, “बाई, यंदा भजी तुम्ही करणार का?”

७. सुट्टीत ग्रुप शांत. तातडीचं असेल तर एकाच माणसाने एकालाच फोन करायचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माहिती मागवली की माणूस माहिती देतो, पण पुढचे सहा महिने ते विसरत नाही.

यातून सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षीही एक कुटुंब आम्ही पोचायच्या आदल्या रात्रीच गेलं. पण यादी खरी होती, मुकादमाचा नंबर होता, त्यामुळे मुलगी कोणत्या कारखान्याच्या तळावर आहे ते कळलं आणि हमी कार्ड मागून पाठवता आलं.

पालकांसाठी दोन शब्द

तुमच्या दुकानातल्या पोराला, सालगड्याला, घरकामाच्या ताईंना दिवाळीचे पैसे वसुबारसेच्या आधी द्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिले तर त्यांच्या लेकरांचे कपडे कधी घ्यायचे? सुट्टी कोणती आणि किती, हे आधीच सांगा. ‘बघू’ म्हणू नका. आणि मिठाईचा बॉक्स देताना तुमच्या मुलाला सोबत उभं करा, त्याच्याच हाताने द्या आणि त्याला त्या माणसाचं नाव घेऊन बोलायला सांगा.

शिक्षक मित्रांनो, तुम्ही मात्र एवढंच करा. या आठवड्यात एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला रजा कोणाला कधी हवी ते लिहा. उजव्या बाजूला गाव सोडून जाणाऱ्या मुलांची नावं लिहा. दोन्ही याद्या एकाच कागदावर असू द्या, कारण डावी बाजू नीट लागली तरच उजव्या बाजूकडे कोणाचं तरी लक्ष जाईल.