गुंठाभर काच, दोन कोटी रुपये

एका गुंठ्यात मोबाईलचे किती पडदे मावतील? साडेसहा इंची फोनचा पडदा साधारण पंधरा सेंटिमीटर लांब आणि सात सेंटिमीटरला थोडा कमी रुंद असतो. क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरच्या किंचित वर. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. फरशी बसवतात तसे पडदे शेजारी शेजारी लावत गेलं, तर गुंठ्याला जवळपास दहा हजार लागतात. मध्यम फोनचा पडदा दोन हजारांत बदलून मिळतो असं धरा. गुंठ्याचे झाले दोन कोटी, एकराचे ऐंशी कोटी. बालाघाटाच्या माळावर असा भाव सांगणारा दलाल अजून जन्माला यायचाय.

फुटाच्या हिशेबानं हा दर चौरस फुटाला अठरा हजार रुपये पडतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटच्या जाहिरातीत शोभावा असा. आणि हे झालं मध्यम फोनचं. महागड्या आयफोनचा पडदा कंपनीच्या केंद्रात बदलायचा तर तीस हजारांच्या आसपासचं, कधी त्याहून मोठं बिल हातात पडतं. त्या हिशेबानं चौरस फूट पावणेतीन लाखांच्या घरात जातो.

हा हिशेब पाटोद्यात बसून करायचं कारण आहे. (बक्षिसं मिळवणारं ‘आदर्श गाव’ पाटोदा वेगळं, ते छत्रपती संभाजीनगरजवळचं. आपलं पाटोदा बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं.) मांजरा नदी याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते आणि 700 किलोमीटरहून जास्त वाहत जाऊन गोदावरीला मिळते. सौताड्याचा धबधबाही इथलाच. पण नदीचा उगम असून गावांना पाणी पुरत नाही. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याकडं निघतात, गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांत 34 टक्के वाढीवर तडजोड झाली, तेव्हा तोडणीचा दर टनामागे साधारण 366 रुपयांवर आला.

म्हणून इथं पडद्याची किंमत रुपयांत सांगून कळत नाही, ती टनात सांगावी लागते. दोन हजारांचा पडदा म्हणजे साडेपाच टन ऊस. एक ऊस सव्वा किलोचा धरला तर चार हजार तीनशेहून जास्त ऊस बुडख्यातून तोडायचे, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत चढवायच्या. दिवसाला दोन टन होतात असं मानलं तर एका जोडप्याचे पावणेतीन दिवस. तीस हजारांच्या पडद्याला 82 टन, म्हणजे एकेचाळीस दिवस. रोजगार हमीवर गेलं तरी फार फरक नाही. महाराष्ट्राचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये. दोन हजारांसाठी साडेसहा दिवस माती उचलावी लागेल.

एवढी मजुरी जाते किती वेळात? तेही मोजता येतं.

शर्टाच्या खिशातून वाकताना फोन सुटला आणि मीटरभर खाली फरशीवर पडला, तर त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. फरशीला टेकताना वेग ताशी सोळा किलोमीटर. म्हणजे रमतगमत चाललेल्या सायकलीचा. ऊर्जा म्हणाल तर जेमतेम दोन ज्यूल. गोम आहे ती थांबण्यात. सायकल ब्रेक मारून दोन-चार मीटरमध्ये थांबते, फोनला थांबायला जेमतेम दोन मिलिमीटर मिळतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो थांबला असं धरलं, तर 200 ग्रॅमच्या फोनवर त्या क्षणी सुमारे 90 किलोचा भार येतो, जवळपास पोतंभर सोयाबीन. आणि फोन कोपऱ्यावर पडला असेल तर ते सगळं ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर.

पुढची गोष्ट डोळ्याला दिसणं शक्यच नाही. काचेत तडा जास्तीत जास्त सेकंदाला दीड हजार मीटर या वेगानं धावतो. ताशी 5,400 किलोमीटर, प्रवासी विमानाच्या सहापट. सोळा सेंटिमीटरचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटायला सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. तेवढ्यात हजार पडदे फुटून झालेले असतात, एकामागोमाग एक. आणि आपण म्हणतो, ‘जरा लक्ष असतं तर धरला असता.’

काच खरं तर कमजोर नाही. अणूंचे बंध मोजले तर काच आहे त्याच्या शंभरपट मजबूत असायला हवी. मग ती फुटते का, याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिलं. काचेच्या अंगावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून ती उकलते. मोबाईलच्या काचेवरचा इलाज याच्यावरच बेतलेला आहे. तयार काच सुमारे 400 अंशांवर वितळवलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवतात. हा क्षार म्हणजे बहुधा पोटॅशियम नायट्रेट. ठिबकमधून डाळिंबाला, टरबुजाला सोडतात ते 13:00:45 हे विद्राव्य खत म्हणजे हेच रसायन. काचेतले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी एकतृतीयांशानं मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात. जागा तेवढीच, माणसं जाड. पृष्ठभाग दाबून आवळला जातो आणि चिरेला तोंड उघडता येत नाही. कॉर्निंग कंपनीनं अशी काच 1960 च्या दशकातच केली होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. ते मिळालं 2007 मध्ये, पहिल्या आयफोनच्या रूपानं. आज तिची ही काच, म्हणजे गोरिल्ला ग्लास, 800 कोटींहून जास्त उपकरणांवर बसली आहे, असं कंपनी सांगते. पृथ्वीवर माणसं साधारण तेवढीच आहेत.

आवळलेल्या थराची जाडी मात्र केसाएवढी, कधी त्याहूनही कमी. ओरखडा त्याच्या खाली उतरला की काच उघडी पडली. खिशातल्या किल्ल्यांना लोक उगाच बदनाम करतात. लोखंड या काचेपेक्षा मऊ. खरी वैरीण धूळ, म्हणजे वाळूचा कण. हा कण बहुधा आपल्या रानात सापडणाऱ्या पांढऱ्या गारगोट्यांचाच असतो, त्यांची कठीणता दहाच्या मोजपट्टीवर सात. काच सहाच्या आसपास. वाळूच्या ढिगावर किंवा बांधावर फोन पालथा ठेवला की पुढच्या महिन्यात फुटायची तयारी आज झाली. पडद्यावर वरून चिकटवायच्या टेम्पर्ड ग्लासचा उपयोग इथंच. ती ओरखडा स्वतःवर घेते आणि शंभर-दीडशेत बदलता येते.

आता दुकानात जाऊ. कोणत्याही तालुक्याच्या गावी हा संवाद ऐकू येतो.

“नुसती काच बदलून मिळंल का, भाऊ?”

“नाही ओ दादा, कॉम्बोच टाकावा लागंल. ओरिजिनल टाकू का कॉपी?”

माझ्या मते सगळा घोळ या दोन वाक्यांत आहे. गिऱ्हाईकाची फुटली काच, आणि पैसे भरायचे कॉम्बोचे, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून अख्ख्या जोडाचे. सुटी काच घाऊक बाजारात शंभर रुपयांच्या आत-बाहेर मिळते. मग दोन हजार कशाचे? तर काचेखाली जे शाबूत आहे, त्याचे.

काचेखाली काय आहे ते मोजू. नेहमीच्या फुल एचडी प्लस पडद्यावर 1,080 गुणिले 2,400, म्हणजे 25 लाख 92 हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे आणि एलसीडी पडद्यात प्रत्येक कप्प्याला स्वतःचा ट्रान्झिस्टर. एकूण 77 लाख 76 हजार ट्रान्झिस्टर. एका कप्प्याची रुंदी केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. अ‍ॅमोलेड पडद्यात कप्पे थोडे कमी, पण एकेका कप्प्यामागे बहुतेक वेळा सात ट्रान्झिस्टर. बेरीज साडेतीन कोटींच्या वर जाते. पडदा सेकंदाला 120 वेळा ताजा होत असेल तर एलसीडीतल्या कप्प्यांना सेकंदाला 93 कोटी 31 लाख आज्ञा जातात. 2024 च्या लोकसभेला देशात 97 कोटींच्या आसपास मतदार होते आणि त्यांचं मतदान सात टप्प्यांत उरकायला दीड महिना लागला. पडदा जवळपास तेवढी नावं एका सेकंदात पुकारतो आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

दोन हजारांना 77 लाख 76 हजार म्हणजे रुपयाला 3,888 ट्रान्झिस्टर. एवढ्या स्वस्तात फार थोड्या गोष्टी मिळतात. कॉम्बो महाग आहे, ही तक्रार तितकीशी खरी नाही. खरी तक्रार ही, की जे मोडलं नाही ते विकत घ्यावं लागतं.

हे नेहमी असं नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी स्वस्तातले टचस्क्रीन फोन आले तेव्हा ‘नुसता टच गेलाय’ असं म्हणत लोक तीनशे-चारशेत काच बदलून आणत. काच आणि डिस्प्ले वेगळे असत, मध्ये हवेची फट असे. 2010 च्या आयफोन 4 पासून दोन्ही एकमेकांना पारदर्शक गोंदानं चिकटवायची रीत रुळली आणि हळूहळू स्वस्त फोनांतही उतरली. कारण पटण्यासारखं आहे. काच आणि हवा भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के प्रकाश परततो. फट गेली की असे दोन पृष्ठभाग कमी होतात, उन्हात चित्र स्वच्छ दिसतं, फोन बारीक होतो. पण त्या गोंदामुळं शंभराच्या काचेला हजारोंचा डिस्प्ले कायमचा बांधला गेला. चैत्राच्या उन्हात बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढताना त्याचा फायदा होतो, हेही खरं.

गोंद सुटतच नाही असं नाही. पडदा साधारण 80 अंशांना तापवतात, केसासारखी बारीक तार काच आणि डिस्प्लेच्या मधून ओढतात, जुना गोंद पुसून नवी फिल्म आणि नवी काच बसवतात, मग दाबाच्या डब्यात ठेवून बुडबुडे घालवतात. यंत्रं लागतात, हात लागतो, आणि तार चुकली तर चांगला डिस्प्लेही जातो. म्हणून छोटा दुकानदार त्या वाटेला जात नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, डिस्प्ले मेला तर भरपाई त्याच्या खिशातून.

जिल्ह्याचा अंदाज बांधून पाहू. हा अंदाजच, मोजणी नाही. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार होती. म्हणजे कुटुंबं पाच लाख धरा. 2025 च्या सरकारी पाहणीनुसार देशातल्या 85.5 टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आहे. आपण हात राखून जिल्ह्यात चारच लाख फोन धरू आणि वर्षाला दहातला एक फुटतो म्हणू. चाळीस हजार पडदे, आठ कोटी रुपये. टनात सांगायचं तर 2 लाख 18 हजार टन उसाची तोडणी. रोज 2,500 टन गाळणारा कारखाना 87 दिवस चालेल एवढा ऊस! एका जिल्ह्यातल्या फुटक्या काचांसाठी.

अमेरिकेत 2018 मध्ये एका विमा कंपनीनं असाच हिशेब मांडला होता. वर्षाला पाच कोटींहून जास्त पडदे फुटतात, सेकंदाला जवळजवळ दोन, आणि बदलण्याचा खर्च 340 कोटी डॉलर. तिथल्या माणसाला तो आकडा चुटपुट लावून जात असेल. ऊसतोड्याच्या घरात फोन फुटला की मुकादमाचा निरोप अडतो, आजीकडं ठेवलेल्या लेकरांचा व्हिडिओ कॉल अडतो. तडा टचवरून गेला असेल तर पिनमधला एखादा आकडाच दाबता येत नाही आणि खात्यातले पैसे खात्यातच राहतात. ऑगस्ट 2025 मध्ये देशात यूपीआयचे 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यातले बहुतेक कुठल्या ना कुठल्या शाबूत काचेवर बोट टेकून झालेले.

युरोपीय संघानं 20 जून 2025 पासून नियमच केला. नवा फोन 45 वेळा पडूनही चालू राहिला पाहिजे आणि विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडं केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं सप्टेंबर 2024 मध्ये समिती नेमली. फोनला दुरुस्तीसुलभतेचे गुण द्यावेत, असा अहवाल तिनं मे 2025 मध्ये दिला. पडदा त्या मोजणीत आहे. पण पाचपैकी साडेतीन गुण, एवढ्यानं गिऱ्हाईकाला काही कळत नाही. खोक्यावर किमतीशेजारी दोनच आकडे छापा: पडदा बदलायचे किती, नुसती काच बदलायचे किती.

ते होईपर्यंत आपण करायचं ते एवढंच. बऱ्याच कंपन्या सुट्या भागांच्या किमती आपल्या संकेतस्थळावर देतात. फोन घेण्याआधी पडद्याची किंमत बघा, ती फोनच्या किमतीच्या निम्म्याजवळ असेल तर दुसरा फोन बघा. काच फुटली पण चित्र आणि टच ठीक असेल, तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि बीड किंवा अहिल्यानगरला काम निघेल तेव्हा काच बदलणारं यंत्र कोणाकडं आहे ते विचारा. कॉम्बोच टाकायचा ठरला तर कॉपी की ओरिजिनल हे बिलावर लिहून घ्या, टच चारही कोपऱ्यांत चालवून पाहा, आणि जुना पडदा परत मागा. काच फुटलेला पण डिस्प्ले जिवंत असलेला जुना पडदा बाजारात विकला जातो.